देवकाची नळी

एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं इंजिनं उघडली. बंद इंजिनाचा काटा आपोआप वर चढत नाही, एवढं मला कळतं. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहितो.

माझी बायको देवका गेल्या पावसाळ्यात पिवळी पडली. आधी सगळे कावीळच म्हणाले. मग दवाखान्यात सांगितलं, पित्ताची नळी बंद आहे. खडा असेल किंवा कॅन्सर. तिथं एक अभ्यास चालू होता. रक्तातल्या एका एन्झाइमचा जोर मोजून दोन्हींतला फरक ओळखता येतो का, ते पाहत होते. देवकाचा आकडा फार जास्त आला. पुढच्या तपासण्यांतही कॅन्सरच निघाला. तिच्या रक्तातलं पिवळसर पाणी काढून, नळीत भरून अभ्यासासाठी फ्रीजरमध्ये ठेवू का, असं विचारलं, तेव्हा मी सही केली. पौषात ती गेली.

चैत्रात लॅबमधल्या भावनाचा फोन आला.

"काका, काकूचं रक्त पुन्हा कोणी घेतलं का?"

"काकू तं पौषातच गेली, बाई."

ती म्हणाली, "एकच नळी हाय. दर महिन्याले मोजते मी. ठेवलेल्या नळीत जोर कमी होत जाते. काकूचा वाढून राह्यला."

"मशीन पाह्यली?"

"दोन मशीनवर केलं. बाकी सगळ्यांचं बरोबर येते."

हे मी मेहुणीला, शकुंतलाबाईला, सांगायला नको होतं. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"राखेतला तुकडा न् तुकडा येचला भाऊजी, अन् बाईले तिथं बरफात ठेवून आले?"

"नळीभर पाणी हाय, शकुंतलाबाई."

"मंग दुखणं कोणाचं वाढून राह्यलं?"

शेवटच्या महिन्यात देवका एकच मागायची, आता संपू दे. संपलं, असं मी धरून चाललो होतो.

वैशाखात अर्ज देऊन मी सही मागे घेतली. नळी देण्याआधी भावनानं एकदा मोजलं. आकडा तिनं सांगितला नाही, मीही विचारला नाही. थर्माकोलच्या डब्यात तिनं बर्फ भरला आणि नळी खिडकीच्या उजेडात धरली.

"आठ वेळा काढलं मी याच्यातून," ती म्हणाली.

नळी काठोकाठ भरलेली होती.

"दुसऱ्याची तं नाई?"

"नाव काकूचंच हाय. अक्षर माह्यं हाय." तिनं डबा माझ्याकडे सरकवला. "घेऊन जा काका. लवकर."

पवनारला धाम नदी आटत आली होती. भर दुपार. अस्थी सोडल्या त्याच दगडावर बसलो. पलीकडे एक बाई गोधडी आपटत होती. मी डबा उघडला. बर्फ जसाच्या तसा होता.

नळी गरम होती.

उन्हानं तापलेली नव्हे. तापानं फणफणलेल्या माणसाचा हात लागतो, तशी.

मी तिचं झाकण उघडलं नाही.

पिपरीला घरी आणली. देवकाच्या खाटेवर ठेवली. थंड पाण्याच्या घड्या ठेवतो आहे. आज चौथा दिवस.

शकुंतलाबाई रोज येते. आत येत नाही. दारातूनच विचारते, "उतरला का?"

मी घडी उचलून पाहतो. खालच्या बाजूनं ती केव्हाच वाळलेली असते.