भर उन्हात तुटलेला तारा

हेडफोनमध्ये मघापासून नुसती खरखर चालली होती. एकाएकी त्यातून एका बाईचा आवाज आला, "...लेहहून डोल्क..." आणि पुन्हा खरखर. जुई खुर्चीतून उडालीच.

"आजी, कुणीतरी बोललं आणि मध्येच गप्प झालं!"

"अगं, तारा तुटला असणार," शुभदाआजी म्हणाली आणि तिने निवांतपणे चहाचा घोट घेतला.

सकाळचे साडेसात वाजले होते. सिन्नरच्या त्या घरात खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं. अकरा वर्षांच्या जुईला वाटलं, आजी आपली फिरकी घेतेय.

शुभदाआजी सतराव्या वर्षापासून हौशी रेडिओवाली. परवाना काढायचा, स्वतः यंत्र जोडायचं आणि जगभरच्या अनोळखी माणसांशी हवेतून गप्पा मारायच्या, ही तिची साठ वर्षांची हौस. एकच इच्छा राहिली होती. लेहमधल्या डोल्कर नावाच्या मैत्रिणीशी तुटत्या ताऱ्याच्या मदतीने बोलायचं. चौदा उन्हाळे दोघी खटपट करत होत्या. आणि उद्या आजी जुईच्या घरी, शहरातल्या अठराव्या मजल्यावर, कायमची राहायला जाणार होती. तिथल्या गच्चीवर अँटेना (लहरी सोडणारा आणि पकडणारा धातूचा सांगाडा) लावायला सोसायटीची परवानगी नव्हती. त्यात आजीला हल्ली बारीक आवाज ऐकू येत नसत. म्हणून आज आजीचे कान म्हणजे जुई.

"पण तारे दिवसा तुटतात?"

"तुटतात की! मुळात तारा नसतोच तो. उल्का असते (अवकाशातून पडणारा कण). पृथ्वी धुळीच्या पट्ट्यातून गेली की कण पडायचेच, रात्र असो की दिवस. उन्हात दिसत नाहीत एवढंच. जूनच्या सुरुवातीला तर सकाळी रांग लागते त्यांची."

"मग ती बाई मध्येच गप्प का झाली?"

"आपल्या या लहरी सरळ जातात आणि पृथ्वी पडली गोल. लेह सोळाशे किलोमीटरवर, त्या गोलाईआड दडलेलं. घाटात वळणावर गोल आरसा लावलेला असतो ना?"

"हो, पलीकडची गाडी दिसते त्यात."

"तसंच. शंभरेक किलोमीटर उंचीवर उल्का जळते आणि मागे तापलेली रेघ सोडते. त्या रेघेत अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. याला म्हणायचं आयनीभवन. ती रेघ मग लहरींचा आरसा होते. डोल्करचा आवाज तिच्यावर आपटून आपल्याकडे येतो."

"आणि रेघ विरली की आरसा गेला!"

"शहाणी गं माझी."

जुईने डोळे मिटले. वर कुठेतरी, त्या निळ्या उजेडात, खसखशीएवढा एक कण कुणालाही न दिसता जळून गेला होता. तेवढ्या वेळात एक आवाज हिमालय ओलांडून सिन्नरच्या खोलीत उतरला होता. तिला फार छान वाटलं, आणि उगाचच हळू बोलावंसं वाटलं.

नियम साधा होता. एक मिनिट आपण बोलायचं, एक मिनिट ऐकायचं. दोघींना एकमेकींची कॉल साइन (परवान्याबरोबर मिळालेलं अक्षरी नाव) मिळाली आणि शेवटी 'रॉजर', म्हणजे 'तुझं सगळं मिळालं', असं ऐकू आलं, तरच भेट झाली म्हणायची. आठ वाजेपर्यंत तुकड्यातुकड्यांनी सगळं आलं. फक्त 'रॉजर' राहिलं.

मग एक अगदी छोटी उल्का पडली. "र..."

"रॉजर! शक्यता त्र्याण्णव टक्के," टेबलावरचा पिट्टू म्हणाला. पिट्टू हा आजीचा घरकामाचा रोबो. त्या काळात कुणाच्याही बोलण्यातल्या गाळलेल्या जागा यंत्रंच अशा भरून टाकत, आणि माणसांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

आजीची पेन्सिल वहीवर थांबली. "आलं का गं?"

तिचे डोळे लहान मुलीसारखे चमकत होते. हो म्हणावं, असं जुईला अगदी मनापासून वाटलं. कुणाला कळणार होतं?

"नाही आजी. नुसतं 'र' आलं."

आजीचा चेहरा उतरला. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"फोन करून विचारू का?" पिट्टूने विचारलं.

"फोनवरच विचारायचं होतं, तर साठ वर्षं मी हवेशी कशाला बोलत बसले? गप्प बस!"

पाऊण तास नुसती खरखर. फाटकातून वायरमनची हाक आली, "मावशी, अँटेना उतरवू ना?"

"पाच मिनिटं थांब रे बाबा!"

तिसऱ्या मिनिटाला खरखरीतून डोल्करचा आवाज आला, अगदी दारात उभी राहून बोलावं तसा. "रॉजर, रॉजर, शुभदा, रॉजर!"

"आलं!" जुई ओरडली. "आजी, पूर्ण आलं!"

आजीने घड्याळात पाहून वहीत वेळ लिहिली. 'नक्की ना?' असं तिने एकदाही विचारलं नाही. मघाशी जुई 'नाही' म्हणाली होती, आजीला तेवढं पुरेसं होतं.

मग तिने जुईला जवळ ओढलं. "परवान्याची परीक्षा दे. पुढच्या जूनमध्ये तुझ्या कॉल साइनने बोलू."

"पण आमच्या गच्चीवर..."

"सोसायटीशी भांडायला मी आहे," आजी डोळे पुसत म्हणाली. "ऐकायला तू आहेस."