नाक कोणी कापलं?

"माझं नाक कापलं," दारातला माणूस म्हणाला.

मास्तरांनी त्याच्या नाकाकडे पाहिलं. नाक जागेवर होतं आणि चांगलं ऐसपैस होतं.

"माझं म्हणजे माझ्या विमानाचं," असं म्हणून त्याने बुटांचा खोका टेबलावर ठेवला.

खोक्यात एक करडं लढाऊ जेट विमान होतं. लांबी फूटभर. पंख, शेपूट, वैमानिकाची खुर्ची, खुर्चीचे दोऱ्याएवढे पट्टे, सगळं होतं. नाक तेवढं नव्हतं.

ऑफिस ताईंचं होतं. ताई खाजगी गुप्तहेर. मास्तर त्यांचे धाकटे भाऊ. शाळेत कवायत शिकवत आणि रविवारी बहिणीला मदत करत. मदत म्हणजे मुख्यतः चहा आणि चुकीचे निष्कर्ष.

आलेला गृहस्थ निवृत्त ड्राफ्ट्समन होता. सगळं गाव त्याला मिलिमीटर म्हणे आणि त्याला त्याचा अभिमान होता.

"विमान जोडायचं किट चुकीचं होतं," मिलिमीटर म्हणाले. "खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाचं म्हणून विकतात, पण नाक तीन मिलिमीटर आखूड. मी ते कापलं, मधे तीन मिलिमीटरची पांढरी प्लास्टिकची चकती बसवली, सांधा पुट्टीने बुजवला, घासलं, रंगवलं. तीन वर्षं गेली."

"तीन मिलिमीटरसाठी?" मास्तर म्हणाले.

"खऱ्या विमानात ते चौदा सेंटिमीटर होतात! तुमचं नाक चौदा सेंटिमीटर ओढलं तर चालेल?"

मास्तरांनी नाकावर हात ठेवला.

"चिडलात कशामुळे ते कळलं," ताई म्हणाल्या. "घाबरलात कशामुळे?"

मिलिमीटरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आज पाचला आमच्या क्लबचं प्रदर्शन आहे. आमचा सेक्रेटरी, त्याला आम्ही पुट्टी म्हणतो, तो म्हणतो की किटचं नाक बरोबर आहे. त्याने संग्रहालयातून खऱ्या विमानाचं माप मागवलंय. पाकीट सर्वांसमोर फुटणार. आणि मी सर्वांसमोर शपथ घेतलीय. नाक चुकीचं निघालं, तर पुन्हा किटला हात लावणार नाही."

ताईंनी भिंग उचललं. "कापलेल्या तोंडाशी प्लास्टिक करडं दिसतंय."

"किटचं प्लास्टिक करडंच असतं."

"तुमची पांढरी चकती?"

"नाकाबरोबर गेली."

"आणि ही रेघ? कापलेल्या कडेला समांतर, सगळीकडून सारख्या अंतरावर. इथे चिकटपट्टी लावली होती. रंगाला ओरखडा उठू नये म्हणून."

"पुट्टीचंच काम!" मास्तर उठून उभे राहिले. "चला, गचांडी धरू."

"आधी खोली बघू," ताई म्हणाल्या.

*

मिलिमीटरांची खोली म्हणजे जेवणाचं टेबल होतं, ज्यावर गेली तीन वर्षं कोणी जेवलं नव्हतं. काल दुपारी दोन ते सहा मिलिमीटर हॉलवर टेबलं मांडत होते. विमान फडक्याखाली होतं. सकाळी फडकं काढलं, तेव्हा नाक गायब.

भिंतीवर विमानाचं रेखाचित्र लावलं होतं, बाजूने दिसणारं. एका कागदावर मावत नाही, म्हणून दोन कागद जोडले होते. शेपटीकडचा पिवळट, नाकाकडचा पांढराशुभ्र. प्रत्येकाच्या तळाशी एक आडवी रेघ, आणि तिच्यावर छापलेलं: दहा सेंटिमीटर.

"हा कागद नवा दिसतो," ताई म्हणाल्या.

"पहिल्यावर थिनर सांडलं. दुसऱ्या दुकानातून पुन्हा प्रत काढली."

ताईंनी भिंग त्या रेघेवर धरलं. रेघेच्या दोन्ही टोकांना टाचणीचं एकेक बारीक भोक होतं. पिवळट कागदावरही तसंच.

"डास चावल्यासारखं दिसतंय," मास्तरांनी मत दिलं. कोणी विचारलं नव्हतं.

कचऱ्याच्या टोपलीत सुपारीपेक्षा लहान, गोल वळलेल्या कापसाच्या चार सुरळ्या पडल्या होत्या. भुसा मात्र कुठेच नव्हता. टेबल पुसून लख्ख केलेलं.

शेजारच्या खोलीत मिलिमीटरांची बायको शिवणाचा वर्ग चालवत होती. मनगटाला टाचण्यांची गादी, गळ्यात टेप. एका बाईला ती झापत होती.

"पेपर कटिंगची प्रत आणलीस ना? मग आधी कोपऱ्यातला मापाचा चौकोन मोज, मग कात्री चालव. मागच्या वेळी तुझ्या ब्लाउजमधे दोघी मावल्या असत्या!"

"काकू, काल दुपारी इथे कोण आलं होतं?" ताईंनी विचारलं.

"जावई आले होते. पाच मिनिटं."

"कशाला?"

"सासूला बघायला येऊ नये का जावयाने?" काकूंनी दोरा दाताने तोडला. "आणि तुम्ही कशाला एवढा शोध घेताय? नाक काय, पुन्हा येईल."

"अगं, नाक म्हणजे काय नख आहे, पुन्हा यायला?" मिलिमीटर ओरडले.

*

पुट्टी हॉलच्या दारात भेटला. पाकीट खिशात, खिशावर हात.

"मी कशाला कापीन?" तो म्हणाला. "मला ते नाक अख्खं हवंय. मोजायला! चुकीचं नाक हाच तर माझा पुरावा. कापलेल्या नाकाशी मी काय वाद घालू?"

"पटतंय," ताई म्हणाल्या.

"मला नाही पटत," मास्तर म्हणाले.

"म्हणजे नक्कीच बरोबर आहे."

तिथून दोघं जावयांकडे गेली. जावई दाताचे डॉक्टर. दवाखान्याच्या दारावर पाटी होती, 'रविवारी बंद'. आतून यंत्राची बारीक गुरगुर ऐकू येत होती. बेल वाजवल्यावर गुरगुर थांबली आणि दार चार बोटं उघडलं.

"आत पेशंट आहे," जावई म्हणाले. त्यांच्या भुवयांवर करडी धूळ होती. "अक्कलदाढ. फार नाजूक केस."

"कालही सासूबाईंकडे नाजूकच केस होती का?"

"आईंनी काही सांगितलं का?" जावयांनी पटकन विचारलं आणि दार लावून घेतलं.

"पेशंट मात्र सोशीक," जिना उतरताना मास्तर म्हणाले. "एकदा विव्हळला नाही."

"मास्तर," ताई म्हणाल्या, "आज तुम्ही पहिल्यांदा कामाचं बोललात."

*

साडेतीन वाजता सगळे मिलिमीटरांच्या टेबलाभोवती जमले. जावयांना फोन करून बोलावलं होतं. येताना पेशंटला घेऊन यायलाही सांगितलं होतं.

"नाक द्वेषाने कापलेलं नाही," ताई म्हणाल्या. "द्वेषाने कापणारा रंगाला जपायला चिकटपट्टी लावत नाही. टेबलही पुसत नाही. आणि त्याने कापलं कुठे? चकतीच्या बरोबर मागे. म्हणून तोंडाशी किटचं करडं प्लास्टिक दिसलं. त्याला नाक नको होतं, काका. त्याला तुमचे तीन मिलिमीटर काढायचे होते."

"ते का?"

"कारण ते जास्तीचे आहेत."

मिलिमीटर खुर्चीत बसले.

"काकू, टेप द्या." ताईंनी पिवळट कागदावरची रेघ मोजली. "दहा सेंटिमीटर. ठीक. आता पांढऱ्या कागदावरची." त्यांनी टेप मिलिमीटरांच्या हातात दिला.

मिलिमीटरांनी मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

"दहा पूर्णांक दोन," ते अगदी हळू म्हणाले.

"दुसऱ्या दुकानाच्या यंत्राने चित्र जरासं मोठं काढलं. दहा सेंटिमीटरला दोन मिलिमीटर, म्हणजे विमानाच्या पुढच्या पंधरा सेंटिमीटरला तीन. तुम्ही सगळं मोजलंत. फक्त मापाची रेघ मोजली नाहीत."

"मापाची रेघ कोण मोजतं?"

"शिंपी," ताई म्हणाल्या. "प्रत काढलेल्या पेपर कटिंगवरचा चौकोन मोजल्याशिवाय काकू कात्री चालवू देत नाहीत. रेघेच्या टोकांना टाचण्यांची भोकं आहेत. टेप टाचणीने रोवून मोजायची सवय या घरात एकाच व्यक्तीला आहे. पण एवढी नाजूक करवत त्यांच्याकडे नाही. ती जावयांकडे आहे. त्यांनी दातांत ठेवायच्या कापसाच्या सुरळ्यांवर विमान टेकवलं आणि त्या इथल्याच टोपलीत टाकल्या. आणि बंद दवाखान्यातला, न विव्हळणारा पेशंट..."

जावयांनी खिशातून रुमाल काढला. रुमालात नाक होतं. घासलेलं, रंगवलेलं, मागची पांढरी चकती गेलेली.

"रंग सकाळपर्यंत वाळेल असं वाटलं होतं," ते म्हणाले. "वाळला नाही, पुन्हा घासून रंगवावं लागलं. बाबा सहालाच उठले."

"मला सांगायचं नाही?" मिलिमीटरांनी बायकोकडे पाहिलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही विमान खिडकीतून फेकलं असतं," काकू म्हणाल्या. "निवृत्त झाल्यावर आठ महिने त्या खिडकीत बसून होतात तुम्ही. दाढी करायला सुद्धा उठत नव्हतात. या विमानाने उठवलं तुम्हाला. चुकीचं असो की बरोबर, मला ते टेबलावर हवंय. मी पण तीन वर्षं उभ्याने जेवतेय, उगाच नाही."

मास्तरांनी नाक शिंकरलं. स्वतःचं.

*

जावयांनी चारला नाक चिकटवलं आणि पाचला पाकीट फुटलं. पुट्टीने कॅलिपरने नाक मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना त्याला घाम फुटला. नाक बरोबर होतं.

मिलिमीटरांना गप्प बसता आलं असतं. ते उभे राहिले.

"हे नाक किटचंच आहे," ते म्हणाले. "माझी दुरुस्ती चुकीची होती. चुकीच्या मापावरून मी किटविरुद्ध तीन पानी लेखही लिहिला. पुट्टी बरोबर होता."

तीन वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते ऐकून पुट्टीला काय करावं सुचेना.

"मग... शपथ?" तो शेवटी म्हणाला.

"शपथ काय होती?" मागून काकूंचा आवाज आला. "नाक चुकीचं निघालं तर. तुम्हीच तीनदा मोजलंत ना? मग निघालं का चुकीचं?"

पुट्टीने कॅलिपरकडे पाहिलं. कॅलिपर त्याच्या बाजूने काही बोलेना.

"नाही निघालं," तो म्हणाला.

टाळ्या पडल्या. मास्तरांनी सर्वांत जोरात वाजवल्या आणि मग बहिणीला विचारलं, "म्हणजे गुन्हेगार नक्की कोण?"

मिलिमीटर बायकोजवळ येऊन उभे राहिले. दोघं विमानाकडे बघत होती.

"वरून दिसणारं चित्रही मी त्याच दुकानातून आणलं होतं," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पंखांचं. मोजलंस का?"

"मोजलं."

"मग?"

"आधी घरी चला," काकू म्हणाल्या.