भामाबाईची कॅसेट

पुढचं कुणी खरं मानणार नाही, याची निवृत्तीमामांना पक्की खात्री होती. त्यांचा सॅक्सोफोन ऐकून उमरी स्टेशनात पॅसेंजर सिग्नल हिरवा असूनही थांबून राहिली होती, हेही कुणी मानत नाही. पण ही गोष्ट निराळी. हिच्यात मामा स्वतः हजर होते आणि, नवलच म्हणायचं, थापा मारणारा दुसराच कुणी होता.

अंबिकाताई नांदेडात खाजगी तपास करायच्या. बहुतेक लग्नाआधीच्या चौकशा. मामांनी तीस वर्षं वरातीत वाजवलेलं. कुठल्या घरात कोण कुणावर रुसलं, सगळं तोंडपाठ. म्हणून ताईंनी त्यांना सोबत घेतलेलं.

त्या सकाळी लुंबिनी आली. उमरीची पोरगी, जॅझ गाणारी.

"ताई, आज्जीची कॅसेट चोरीला गेली. आदर्शच्या स्टुडिओत कॉपी करायला दिलेली, तिथून. आणि आता हे ऐका."

मोबाइलवर सॅक्सोफोन वाजू लागला. त्याच्याखाली जात्याची घरघर, आणि ओवी गाणारा एका बाईचा जाडसर आवाज.

"अहमदपूरच्या संगमेश्वरचा नवा अल्बम. गाणारी बाई आपली आई आहे, म्हणतो. आवाज कॉम्प्युटरवर जाड केलाय त्यानं. पण ही माझी भामाआज्जीच आहे."

"दुसरी प्रत?" ताईंनी विचारलं.

"नाही. वीस वर्षांपूर्वी बाबांनी भरलेली एकच. आज्जीच्या घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आवाज गेलाय तिचा. रोज हातवारे करून विचारते, माझी कॅसेट कुठंय? त्यानं ती पुसून टाकली तर?"

ताई उठल्याच.

आदर्शचा स्टुडिओ वजिराबादेत, एका खोलीचा. तो मामांकडे न बघता बोलत होता.

"मी घेतली असती तर आधी कॉपी नसती का केली? डेकचा पट्टाच तुटून पडलाय माझ्या. दुसरा मागवलाय. कॅसेट तशीच टेबलावर होती."

ताईंनी डेक उघडून पाहिला. पट्टा खरंच तुटलेला.

"त्या दिवशी कोण आलं होतं?"

"लुंबिनी. आणि संगमेश्वर, त्याचं मिक्सिंग ऐकायला."

बाहेर येताच मामा कुजबुजले, "ह्यानंच विकली. डोळ्याला डोळा देईना."

"मामा, मागच्या वेळी तुम्ही त्याला तासभर पॅसेंजरची गोष्ट सांगितलीत. परत सुरू कराल म्हणून भ्यायला तो."

दुपारच्या एसटीनं लुंबिनीसह तिघं अहमदपूरला पोचले. संगमेश्वर हसतमुख, कडक इस्त्रीचा कुर्ता. टेबलावर लॅपटॉप, सॅक्सोफोन आणि बशीत तांबूस डागांचा कापूस.

"हे काय?" मामांनी विचारलं.

"सॅक्सोफोन पुसला. मळ लई धरतो."

"रेकॉर्डिंग कशावर केलं?" ताई.

"मोबाइलवर. कॅसेट आता कोण वापरतं? घरात टेपसुद्धा नाही."

"कधी केलं?"

"मागच्या पंचमीला, पहाटे. अंगणात झोके बांधलेले, आई दळत बसलेली. मी गुपचूप फोन ठेवून दिला. अल्बमच्या माहितीतही तसंच लिहिलंय."

"सुरेख," ताई म्हणाल्या. "मावशींना बोलवा की. आम्हालाही भेटू द्या."

संगमेश्वरची आई गुरम्मा चहा घेऊन आल्या आणि दाराशी टेकल्या. ताईंनी कापूस उचलला.

"मामा, सॅक्सोफोनच्या मळाचा रंग कसा असतो?"

"काळा, हिरवट. तीस वर्षं तेच पुसून राहिलो."

"आणि हा?"

"गंजासारखा दिसून राहिला."

"जुनी कॅसेट वाजवली की तिची तांबूस भुकटी टेपच्या हेडला चिकटते. स्पिरिटनं पुसली की कापूस असा होतो. घरात टेप नाही, मग पुसलं काय? आदर्शचा डेक बंद. त्याला ती वाजवताच आली नसती. आणि वाजवल्याशिवाय तिच्यातला आवाज अल्बमात येत नाही. त्या दिवशी तिथं तिसरे तुम्हीच होता."

संगमेश्वर मोठ्यानं हसला. "कापसावरून चोर ठरवता, बाई? ओव्या काय कुणाच्या मालकीच्या आहेत? आवाज माझ्या आईचा. विचारा तिलाच."

गुरम्मांनी लेकाकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"हाव. माझाच हाय."

लुंबिनीनं ओढणी तोंडाला लावली. मामांना वाटलं, झालं, आता परतीची एसटी बघावी.

ताई मात्र शांत. "मावशी म्हणतात तर मानलं. फक्त तो दिवस सांगा त्यांना."

"सांगितलं की! पंचमीची पहाट. आई दळत होती. अल्बमातही तेच लिहिलंय."

मामांच्या घरी पंचमी पाळणं आज्याच्या काळातच सुटलेलं. ताई गालात का हसल्या, ते त्यांना कळेना.

गुरम्मांच्या हातातला ट्रे खाली आदळला.

"पंचमीला? त्या दिशी माझ्या घरात विळी धरत न्हाईत, चुलीवर तवा चढत न्हाई, अन् मी नागोबाच्या सणाला जातं फिरवलं? लोकांत असं लिवलंस? पोरी, कॅसेट माझ्या ट्रंकेत हाय, ह्यानंच ठेवाया दिली. घेऊन जा. आवाज माझा म्हनले ते पोटच्या पोरासाठी. पर हे न्हाई. खोटं बोलून राहिलास तू, संगमेश्वरा!"