विरोधात कोण?

खोटं सांगून मला काय मिळणार? सभागृहात कोण काय बोललं ते शब्दन्‌शब्द लिहिणं, हीच माझी बावीस वर्षांची नोकरी. अधिवेशनाचा शेवटचा आठवडा होता. आणि रात्र नव्हे, भर दुपार.

आठवड्यात चौदा विधेयकं. चर्चा कसली, नुसता पोरखेळ! कँटीनच्या चहावरून अर्धा तास भांडले, आणि विधेयकं आली की जांभया. शिसारी आली होती मला.

त्यातलं एक होतं, खडी-क्रशरवरची धुळीची तपासणी बंद करण्याचं.

माझे वडील, अण्णा, क्रशरवरच खोकून खोकून गेले. आता धाकटा भाऊ, बाळ्या, त्याच मशीनवर आहे. तपासणीच्या धाकानं का होईना, मालक धुळीवर पाणी तरी मारायचा.

सोमवारी ते विधेयक चर्चेला आलं, आणि माझ्या इयरफोनमध्ये आवाज आला...

खोक्... खोक्... मग एक लांब घरघर.

मागच्या रांगेतून. तिथे कुणीच नव्हतं.

अण्णांच्या उशाशी दोन वर्षं काढलीत मी. तो खोकला मी झोपेतही ओळखेन.

मंगळवारी तो मधल्या बाकांवरून आला. बुधवारी पहिल्या रांगेतून.

गुरुवारी... माझ्या खुर्चीमागून.

मी हट्टानं कंसात ‘खोकला’ असं लिहिलं. मोठ्या साहेबांनी खोडलं.

"बाई, बरं नाहीये का? आपण शब्द लिहितो. खोकला कुणी लिहितं का?"

शुक्रवारी मतदान.

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं."

"होय!" मोबाइलमध्ये खुपसलेली डोकी वरसुद्धा आली नाहीत.

"प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं."

शांतता...

खोक्... खोक्...

मानेवर गरम श्वास लागला. कागदावर पांढरी भुकटी पडली. मी हात फिरवला, तर बोटांना दगडाची कचकच.

अध्यक्ष थांबले. त्यांनाही ऐकू गेलं होतं, बाळ्याची शपथ! माझ्या मागे कुठेतरी बघत त्यांनी घाम पुसला.

मग म्हणाले, "एकमतानं संमत."

साहेब माझ्या कागदाकडे बघत उभे होते. मी मुकाट्यानं तेच लिहिलं. एकमतानं संमत. थू माझ्या जिंदगानीवर!

संध्याकाळी बाळ्या कामावरून आला. केसांपासून पायांपर्यंत पांढरा.

"काय रे हे?"

"अगं ताई, दुपारीच मालकाला कुणाचा तरी फोन आला. म्हणाला, पाणी बंद करा, आता कुणी बघायला येत नाही."

हसला तो. आणि हसता हसता...

खोक्... खोक्... मग एक लांब घरघर.

माझ्या हातातला तांब्या खाली पडला. याआधी बाळ्या असा कधीच खोकला नव्हता.

शुक्रवारची टेप मी तीनदा ऐकली. ‘नाही म्हणावं’च्या पुढे काहीच नाही. मी तिथेच बसले होते, तरी माझाही आवाज नाही.

सभागृहात तो खोकला पुन्हा आला नाही.

आता तो घरी येतो. आताही येतोय, बाळ्याच्या खोलीतून.

बाळ्या अजून कामावरून यायचाय.