सगळी बटणं बंद होती

"मी केलेलं नाही," असं म्हणतच ती आत आली. अजून खुर्चीवर बसलीही नव्हती.

"काय केलेलं नाही, ते आधी कळू द्या," वहिनी म्हणाल्या.

वहिनी खासगी तपासाची कामं करत. त्याआधी त्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. त्यांचे धाकटे दीर बँकेतून निवृत्त झाल्यावर चार दिवस मदत म्हणून कचेरीत आले, ते कायमचेच. अशिलांसमोरही ते 'वहिनी' अशीच हाक मारत. त्यामुळे वहिनींना आता सगळं गाव वहिनीच म्हणे. त्यांनी विरोध करणं सोडून दिलं होतं. त्या दिरांना 'भाऊजी' म्हणत, बहुतेक वेळा उसासा टाकून.

आलेली तरुण बाई एका खानावळीच्या मालकांची सून होती. काल दुपारी खानावळीच्या स्वयंपाकघरात शेगडी पेटवताना भडका उडाला होता. मुख्य आचारी, ज्यांना सगळे वस्ताद म्हणत, त्यांचे हात आणि चेहरा भाजला होता. डोळ्यांवर पट्ट्या होत्या.

"सासरे आज संध्याकाळी पोलिसात तक्रार देणार आहेत," ती म्हणाली. "मी मुद्दाम गॅस सोडून ठेवला, अशी."

"तुमच्यावरच का?"

"काल सकाळी माझं आणि वस्तादांचं वाजलं होतं. ते शेगडीचं जेट, गॅस येतो ते बारीक भोक, दाभणानं साफ करतात. जेट पितळेचं असतं, दाभणानं त्याचं भोक मोठं होतं. मग गॅस जास्त येतो, ज्योत पिवळी होते, भांडी काळी पडतात, खोलीत विषारी धूर साठतो. शंभरदा सांगितलं. काल म्हणाले, तू पुस्तकं वाचलीस, मी शेगड्या झिजवल्या. मी म्हणाले, एक दिवस भडका उडेल तेव्हाच तुमचे डोळे उघडतील."

भाऊजींनी कप खाली ठेवला. "हे तुम्ही मनात म्हणालात ना?"

"सगळ्यांसमोर म्हणाले."

वहिनींनी कपाळ चोळलं. "पुढे."

"काल साफसफाईचा दिवस होता. मेकॅनिकनं गॅसचा मेन बंद केला, शेगडी बंद केली म्हणून मला सांगितलं. मी बर्नर आणि बटणं काढून गरम साबणाच्या पाण्यात घासली, टोपलीत वाळत ठेवली आणि मुलीला शाळेतून आणायला गेले. परत आले तर सगळं जागेवर बसवलेलं. मला वाटलं, मेकॅनिकनं बसवलं असेल. तेवढ्यात वस्ताद आले, पहिल्या शेगडीजवळ लायटर ओढला, आणि बटण फिरवायच्या आधीच खालून भडका आला."

"बटणं?"

"बंद होती. सगळी. मी स्वतः पाहिली होती."

"भडक्यानंतर तुम्ही काय केलंत?"

"वस्तादांना अंगणात नेऊन हात नळाखाली धरले. मेकॅनिक चहा पिऊन येतच होता, त्यानं गाडी काढली. दोघांनी त्यांना दवाखान्यात नेलं. परत आले तेव्हा स्वयंपाकघराला कुलूप होतं. किल्ली सासऱ्यांकडे."

"भाऊजी, निघायचं," वहिनी म्हणाल्या. "बिस्किटं राहू द्या."

*

मालकांनी कुलूप काढलं आणि ते दारातच थांबले. गॅसचा मेन दाराबाहेर भिंतीवर होता. दांडा पाइपाला आडवा, म्हणजे बंद. वहिनींनी तो हातानं दाबून खात्री करून घेतली.

आत सगळीकडे आग विझवायची पांढरी पावडर पसरली होती. फरशीवर पावडरीत बुटांचे ठसे होते, दारापासून शेगडीपर्यंत आणि शेगडीपासून दारापर्यंत.

"आग विझवायला तुम्ही आत गेला होतात?" वहिनींनी विचारलं.

"मी? नाही. दारात उभं राहून पावडर मारली. मेन बंद केला, कुलूप लावलं. पोलीस येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, एवढी अक्कल आहे मला."

शेगडी जुनी होती. ज्योत विझली की गॅस आपोआप थांबावा, अशी सोय तिच्यात नव्हती. समोरच्या पट्टीवर चार बटणं. प्रत्येकावर एक रेघ. रेघ वर म्हणजे बंद, आडवी म्हणजे चालू. चारही रेघा वर होत्या.

"भाऊजी, बटणं एकेक ओढून काढा."

"तुटली तर?"

"तर मी भरून देईन. काढा."

पहिल्या बटणाखाली पट्टीवर पावडर नव्हती, नाण्यासारखा स्वच्छ गोल होता. दुसऱ्याखालीही तसाच. तिसऱ्याखाली मात्र बटण बसतं त्या दांडीपर्यंत पांढरंच पांढरं. चौथ्याखाली पुन्हा गोल.

"तिसऱ्यावर जास्त पावडर पडलेली दिसते," भाऊजी म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. "परत बसवा."

भाऊजींनी बसवली. दुसऱ्याची रेघ आडवी झाली.

"अहो, रेघ वर."

"दांडी चौकोनी आहे, वहिनी. कसंही बसतंय ते. माझा काय दोष?"

"तुमचा कधीच नसतो," वहिनी म्हणाल्या. पण त्या आवाजातला वैताग जरा कमी झाला होता.

*

सासूबाई मागच्या खोलीत पाय पसरून बसल्या होत्या.

"तिच्या हाताला वळण नाही," त्यांनी सुरुवात केली. "लग्न होऊन आली तेव्हाच मी ह्यांना म्हटलं होतं."

"काल तुम्ही काय केलंत?"

"फरशी धुतली. बाटलीभर फिनेल ओतलं. नुसतं दाखवायला धुणाऱ्यांतली मी नाही. भट्टीचा वास नाही, फोडणीचा वास नाही, नुसतं फिनेल."

"आणि शेगडी?"

"मी गेले तेव्हा सगळं बसवून झालं होतं. बटणांवरून फडकं फिरवलं. सगळ्यांच्या रेघा वर."

"म्हणजे बंद."

"म्हणजे काय, बंदच."

"मग सुनेनं काय केलं?"

"बटण उघडं ठेवलं."

"जे तुम्ही पाहिलं तेव्हा बंद होतं."

"हो."

"दोन्ही कसं शक्य आहे?"

"तुम्ही मला शब्दात धरू नका," सासूबाई म्हणाल्या. "शिकलेल्या बायकांची हीच खोड."

वहिनींनी मनातल्या मनात दहा आकडे मोजले. "भडक्यानंतर आत गेला होतात?"

"त्या पावडरीनं मला दम लागतो. अजून पाऊल टाकलेलं नाही."

मालक गल्ल्यामागे बसले होते. पायात बूट, डोळे लाल.

"शेगडी म्हणजे वस्तादचं राज्य," ते म्हणाले. "मी गल्ला सोडत नाही. फक्त मेन माझ्या ताब्यात. काल मीच उघडला. संध्याकाळची गिऱ्हाइकं खोळंबली असती."

"लगेच शेगडी पेटवली?"

"कुठली? वस्ताद कपडे बदलणार, मिशी विंचरणार, मग दर्शन देणार. एवढ्या वेळात गॅस साठला. ह्या पोरीनं तिसरी शेगडी उघडी ठेवली होती ना. सूड, दुसरं काय." त्यांनी गल्ल्याचा खण बंद केला. "आम्ही दोघांनी एका शेगडीवर धंदा सुरू केलाय. भावासारखा आहे तो मला. डोळे गेले तर काय तोंड दाखवू?"

भाऊजींना गहिवरून आलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "सज्जन माणूस आहे, वहिनी. सुनेनंच केलं असणार."

"भाऊजी, तुम्ही थोडं गप्प राहाल?"

मेकॅनिक अंगणात गाडीला टेकून उभा होता. हाताची घडी, कपाळाला आठी.

"माझ्या कामात खोट काढायची नाही, बाई. सकाळी सगळे सांधे साबणाचं पाणी लावून तपासले. एक बुडबुडा नाही. मग मेन बंद केला. पाइपात गॅस उरतो, तो जाळून टाकायला एक शेगडी पेटती ठेवली. ती बंद झाली. सुनबाईंना तसं सांगितलं आणि चहाला गेलो."

"पेटती कोणती ठेवली होती?"

"तिसरी. हाताशी येते."

"हे कोणाला बोललात?"

"विचारलंय कोणी? तुम्हीच पहिल्या. बाकी सगळ्यांचा निकाल तयार आहे."

"आणि बटणं कोणी बसवली?"

"सुनबाईंनी. मी चहाला गेलो म्हटलं ना."

*

जेवणाच्या दालनात खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. वहिनींनी कोणालाही त्या खाली काढू दिल्या नाहीत. त्यामुळे सगळे उभेच राहिले.

"सकाळपासून मी एकच वाक्य ऐकते आहे," त्या म्हणाल्या. "सगळी बटणं बंद होती. सून म्हणते, सासूबाई म्हणतात. पाइपाला गळती नाही. तरी गॅस आला. मला वाटलं, कोणीतरी खोटं बोलतंय. पण हे वाक्य खरं आहे. बटणं खरंच बंद होती. आतली तोटी उघडी होती."

"म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या.

"सुनबाई, मेकॅनिक तुम्हाला काय म्हणाला होता?"

"शेगडी बंद केली."

"झाली," मेकॅनिक म्हणाला. "बंद झाली, असं म्हणालो मी."

"एकच की," भाऊजी म्हणाले.

"एकच नाही, भाऊजी. तोच तर घोळ आहे." वहिनींनी डोळे मिटून उघडले. "केली म्हणजे बटण फिरवलं. झाली म्हणजे पाइपातला गॅस संपला आणि ज्योत आपली आपण विझली. बटण चालूवरच राहिलं. हा गेला चहाला. हिनं केली असं ऐकलं आणि रेघ कुठे आहे ते न बघता बटणं उपसली. आता पट्टीवर नुसत्या चार चौकोनी दांड्या. त्यातली तिसरी चालूवर. चौकोनी दांडीवर बटण कसंही बसतं, काही वेळापूर्वी भाऊजींनी ते माझ्यासमोर करून दाखवलं."

भाऊजी उगाच ताठ झाले.

"मग कोणीतरी टोपलीतली बटणं उचलली आणि चारही रेघा वर करून नीटनेटकी बसवली. तिसरं बटण बंद म्हणत होतं, तोटी चालू होती. मेन उघडला आणि गॅस यायला लागला. हा गॅस हवेपेक्षा जड, तो शेगडीखाली फरशीलगत साठला. आणि फरशीवर बाटलीभर फिनेल. वास कोणाला येणार?"

"आता फिनेलही माझ्यावर," सासूबाई पुटपुटल्या.

"बटणं बसवली कोणी?" सुनेनं विचारलं.

"तुम्ही शाळेत होतात. मेकॅनिक चहाला. राहिले घरातले दोघं." वहिनी म्हणाल्या. "चूक होणं वेगळं. पण भडक्यानंतर तिसरं बटण कोणीतरी काढून पुन्हा बसवलं आहे. पावडर उडाली तेव्हा बटणं जागेवर होती, म्हणून त्यांच्याखाली स्वच्छ गोल राहिले. तिसऱ्याखाली गोल नाही. पावडर हवेत असतानाच ते उचललं, तोटी बंद केली, रेघ जुळवली. सून आणि मेकॅनिक तेव्हा दवाखान्याच्या वाटेवर होते. सासूबाई आत गेल्या नाहीत, आणि त्या बूट घालत नाहीत. फरशीवर बुटांचे ठसे आहेत."

सगळ्यांची नजर खाली गेली. मालकांनी पाय मागे घेतले.

"मी दारातूनच..." ते म्हणाले.

"तिसरी शेगडी उघडी होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं? वस्तादांनी पेटवली पहिली. बाहेरून सगळ्या बंद. तिसरीचं फक्त मेकॅनिकला ठाऊक होतं, आणि तो माझ्याआधी कोणाजवळ बोलला नव्हता. ज्यानं तोटी हातानं बंद केली, त्यालाच हे कळू शकतं."

मालकांनी गल्ल्याची कड धरली.

"उशीर होत होता," ते म्हणाले. "म्हटलं, चार बटणं तर बसवायची. लहान पोरही बसवेल. भडका उडाला, पावडर मारली, आणि तिसरीची ज्योत विझूनही फुसफुस येत होती. मेन बंद करेपर्यंत कानात तेच. मग आत गेलो, बटण फिरवून बघितलं, आणि कळलं. माझ्या हातानं झालं."

"आणि मग सुनेचं नाव घेतलंत."

"ती काल सकाळी बोललीच होती डोळ्यांचं." त्यांनी मान वर केली नाही. "तो मला विचारेल ना, कोणी केलं म्हणून. काहीतरी सांगावं लागणार होतं."

"अहो," सासूबाई म्हणाल्या.

"चूक तिघांची आहे," वहिनी म्हणाल्या. त्या आता फार थकलेल्या दिसत होत्या. "मेकॅनिकनं बटण फिरवलं नाही. सुनेनं रेघ बघितली नाही. तुम्हाला जे येत नाही ते तुम्ही घाईत केलंत. आणि मेन उघडल्यावर पेटवायच्या आधी वाट बघून, वाकून वास घेऊन बघायचं असतं, ते कोणीच केलं नाही. पण लबाडी एकट्याची आहे. तक्रार द्यायचीच असेल तर माझं म्हणणंही त्यासोबत जाईल."

मालकांनी खिशातून घडी केलेला तक्रारीचा कागद काढला आणि फाडला. तुकडे कुठे टाकायचे ते न सुचून मुठीतच धरले.

"त्याला कोण सांगणार?" ते म्हणाले. "सुनबाई, तू दवाखान्यात जातेसच. तुझं ऐकून घेईल तो. तू जरा समजावून..."

भाऊजींनीसुद्धा तोंड वासलं.

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. मग मेकॅनिकपुढे हात करून गाडीची किल्ली मागून घेतली.

"चला, बाबा," ती म्हणाली. "गाडी मी चालवते. बोलायचं तुम्ही."