बिनघडीचा शर्ट

नवऱ्याची, शुइचींची, बॅग मीच भरायचे. सेंदाईला एकट्यानं राहायची बदली त्यांनी गपगुमान सोसली, पण शर्टाची घडी काही त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. वरचं बटण लावायचं, शर्ट पालथा घालायचा, दोन्ही कडा पाठीवर आणायच्या, बाह्या खाली वळवायच्या आणि कॉलर चेपू नये म्हणून आत मोज्यांची गुंडाळी ठेवायची. यात अवघड काय आहे? सोमवारी पहाटे ते आमच्या नागाओकाहून गाडी धरत, शनिवारी संध्याकाळी परत येत.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी त्यांना उशिरा जाग आली. बाहेर कमरेइतकं बर्फ होतं, म्हणून कपडे घरातच, स्टोव्हच्या वरच्या दोरीवर वाळत होते. त्यांनी निळ्या रेघांचा शर्ट ओढला आणि तसाच अंगात चढवला.

"काढ तो," सासूबाई म्हणाल्या. "एकदा घडी घाल आणि मग घाल. दोरीवरचं सरळ घालतात ते मेलेल्याच्या अंगात."

"आई, गाडी चुकली तर साहेब मारेलच मला. मग घाला हवं तसं." बुटांत पाय कोंबत ते निघून गेले.

मी हसले. औषधाच्या दुकानात गोळ्या मोजून देणारी बाई मी. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

शनिवारी ते तोच शर्ट घालून आले. बॅग उघडली, तर बाकीचे शर्ट मी ठेवले तसेच. कॉलरमधले मोजेसुद्धा हललेले नव्हते.

"आठवडाभर हाच? लाज कशी वाटली नाही हो?" मी म्हणाले आणि सवयीनं त्यांच्या कॉलरला नाक लावलं. घामाचा वास नाही, सिगरेटचा नाही. नुसता साबण. कॉलर कालच धुतल्यासारखी स्वच्छ होती.

"राहू दे अंगात. थंडी वाजते," ते म्हणाले आणि तसेच झोपले.

पुढच्या शनिवारी खांद्यावर बर्फ घेऊन आले. स्टोव्हपुढे बसले. चहा निवला, तरी ते बर्फ वितळलं नाही. मीच हातानं झटकलं. ते उठले तेव्हा बैठकीच्या उशीवर खळगा नव्हता. सासूबाईंनीही पाहिलं. मी ताटल्या उचलल्या.

डॉक्टरांकडे ओढत नेलं. दंडाला पट्टा गुंडाळून डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा दाब घेतला आणि यंत्र बिघडलंय म्हणाले. "असेल हो, यंत्रच ते," मीही म्हणाले. गाडीत बसल्यावर मात्र रडू आवरेना. शुइची शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. काय झालं, एवढंही त्यांनी विचारलं नाही. या माणसाशी मी उभा जन्म भांडत आले. मला तो भांडणारा हवा होता. देवाला, सैतानाला, कुणालाही काय हवं ते द्यायला मी तयार होते.

घरी येऊन सासूबाईंना विचारलं, "आई, आता घडी घातली तर?"

"माहीत नाही गं, सावाको. आईनं माझ्या सांगितलं ते एवढंच."

"मग घालूनच बघू. हातावर हात ठेवून किती दिवस बसायचं?"

पण ते शर्ट काढू देईनात. बटणाला हात लावला की माझं मनगट धरत. बोटं बर्फाच्या लादीसारखी. शेवटी पुढल्या शनिवारी सासूबाईच त्यांच्यापुढे बसल्या. "शुइची, लहानपणी तुला मीच आंघोळ घालायचे. ऊठ, पाणी तापलंय." ते उठले. न्हाणीचं दार लागलं, पाणी ओतल्याचा आवाज आला. शर्ट बाहेर टोपलीत पडला होता.

मी गळ्याचं बटण लावलं आणि तो चटईवर पालथा घातला. कडा आणल्या. बाह्या वळवल्या. त्या हळूच सरकून उघडल्या.

पुन्हा वळवल्या. पुन्हा उघडल्या.

"बस ना रे," मी शर्टाशी बोलत होते. "पाया पडते तुझ्या, बस." सासूबाईंनी कॉलर दाबून धरली. मी गुडघा टेकला आणि सगळा भार टाकला.

घडी बसली.

न्हाणीतला आवाज थांबला.

"अहो?" मी हाक मारली. ओ आली नाही. दार ढकललं. टबात पाणी काठोकाठ होतं. बसायचा पाट कोरडा होता. फरशी कोरडी होती. आत कुणी नव्हतं.

मी परत आले तेव्हा सासूबाई तशाच बसलेल्या, तळवा शर्टावर ठेवून.

"इकडे ये," त्या म्हणाल्या आणि माझा हात घेऊन घडीवर ठेवला.

ऊब होती. मी वाकले. घामाचा वास आला, सिगरेटचा आला. कापड माझ्या तळव्याखाली सावकाश वर आलं आणि सावकाश खाली गेलं.

"उघडायचा?" मी विचारलं.

"आणि उघडल्यावर थांबलं तर?"

उघडायचा धीर आम्हाला अजून झालेला नाही. कपाटाचा वरचा खण मी त्याच्यासाठी रिकामा केला. त्याच्या अंगावर दुसरं काही ठेवत नाही. कसर लागेल म्हणून सासूबाई कुरकुरतात, तरी खण बोटभर उघडाच ठेवते.

मध्ये एकदा खण चुकून पूर्ण लागला होता. सकाळी ओढला तेव्हा शर्टाची घडी तशीच होती. फक्त गळ्याचं बटण आतून काढलेलं होतं.