मंगळवारचा गंज

"भास्करजींना आज कामावरून काढायचं आहे," श्रीपाद म्हणाले, "पण माझं मन धजत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं."

सुनेत्रा उत्तरेतल्या आलमबागेत खासगी तपासाची कामं करायची. ती शांतपणे ऐकत होती. मध्ये बोलायचं काम तिच्या पंढरीनाथमामांचं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते तिच्याबरोबर हिंडत.

"केलं काय त्यांनी?" मामांनी विचारलं.

श्रीपादांच्या कारखान्यात रेल्वेच्या ब्रेकचे भाग बनत. भास्कर शुक्ल ते वर्षानुवर्षं डोळ्यांनी तपासत आले होते. यंदा ते काम कॅमेऱ्याकडे गेलं.

"मागच्या मंगळवारी आणि कालही, दुपारनंतर कॅमेऱ्याने चांगला माल गंजलेला म्हणून बाहेर टाकला. काल बडा मंगल, ज्येष्ठातला बजरंगबलीचा मंगळवार; फाटकावर आमचा भंडारा. पुरी-सब्जी वाटून संध्याकाळी परत आलो, तर भास्करजी एकटेच कॅमेऱ्यापाशी! विचारलं, तर गप्प." श्रीपादांनी कपाळ चोळलं. त्यांच्या नखाच्या कडेला केशरी रंग होता.

कॅमेरा बसवणारी अनघा रडवेली झाली होती. "प्रोग्रॅम ठीक, नेटवर्क ठीक. फोटोत मात्र सगळ्या मालावर तांबूस डाग. यार, माल तर चकाचक होता!"

"कॅमेरा जवळून पाहिलास?" सुनेत्राने विचारलं.

"आज सकाळी. काच एकदम साफ."

"आणि काल?"

"काल स्क्रीनपुढेच होते, ताई. सगळं तिथेच दिसतं ना."

पत्र्याचं छप्पर तापलं होतं. प्रत्येक यंत्राच्या माथ्यावर शेंदराचा टिळा होता. चमेलीच्या तेलाचा वास येत होता. प्रेसवरच्या टिळ्याचा ओघळ तर पार खाली आला होता. फक्त कॅमेऱ्याचा माथा कोरा होता.

भास्करजी कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. त्यांनी रुमालाने घाम पुसला. रुमालावर केशरी डाग.

"सापडला!" मामा कुजबुजले.

"भास्करजी, कॅमेऱ्यावर राग आहे?" सुनेत्राने विचारलं.

"अरे नहीं बिटिया. अब वही तो हमारी आँख है."

सुनेत्रा हसली. "श्रीपादराव, यंत्रांची पूजा कोण करतं?"

"मीच. दर बड्या मंगळवारी, सकाळी."

"कॅमेऱ्याचीही?"

"अर्थात! नवा आहे म्हणून काय झालं? त्याच्या माथ्यावर..." ते थांबले. कोऱ्या माथ्याकडे बघत राहिले.

"तेलात कालवलेला शेंदूर. सकाळी तो जागेवर राहतो, म्हणून माल ठीक. दुपारी उन्हाने पातळ होतो आणि प्रेसवर आला तसाच ओघळ काचेवर येतो. कॅमेऱ्याला सगळं तांबूस दिसतं. तो त्याला गंज म्हणतो. आज सगळ्यांच्या माथ्यावर टिळा आहे, याच्याच नाही. कारण भास्करजींनी तो दोन्ही मंगळवारी संध्याकाळी पुसला, काचेसकट."

"मग हे बोलले का नाहीत?" मामा म्हणाले.

भास्करजींनी रुमाल मुठीत लपवला. "मालिक ने इतने प्रेम से लगाया था. कैसे कहते कि ग़लत लगाया?"

श्रीपाद त्यांच्या स्टुलाशेजारी खाली बसले.

"भास्करजी, तुमच्याशिवाय या कॅमेऱ्याचं काही खरं नाही. आणि माझंही. पुढच्या मंगळवारी टिळा तुम्हीच लावा."

"लगा देंगे. मगर माथे पर नहीं, मालिक, चरणों में. बजरंगबली वहाँ भी देख लेंगे."